पिकअपची ताकद आणि डिझेलचा हिशेब

नाशिक जिल्ह्यातून टोमॅटो, कोबी, सिमला मिरची भरून रात्री निघालेली पिकअप पहाटेच्या आत वाशीच्या बाजार आवारात लागली पाहिजे. उशीर झाला की मालाचा भाव पडतो, आणि पुढच्या वेळी शेतकरी दुसरी गाडी बघतो. गाडीमालकाच्या डोक्यावर हप्ता असतो, टोल असतो आणि सर्वांत मोठा खर्च डिझेलचा असतो. भाड्याचा दर त्याच्या हाती नाही, डिझेलचा तर नाहीच नाही. हाती उरते ती फक्त गाडी. म्हणूनच 'चिप बसवा, ताकद वाढवा, अॅव्हरेजही वाढवा' हे गॅरेजवाल्याचे आश्वासन त्याला मोह घालते. काही हजारांच्या खर्चात दोन्ही गोष्टी मिळणार असतील तर कोणाला नको आहेत?

या आश्वासनातील पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे आणि दुसरा बऱ्याच अंशी खोटा. घोळ होतो तो नेमका येथे.

डिझेलचे भाव ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत डिझेलने लिटरमागे शंभरी ओलांडली. त्यानंतर केंद्राने नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ अशी दोनदा अबकारी शुल्कात कपात केली आणि दर काहीसे खाली आले. पण दशकभरापूर्वीच्या पातळीवर ते परतले नाहीत. हिशेबासाठी लिटरला ९० रुपये आणि नाशिक ते वाशी जाऊन-येऊन ३५० किलोमीटर धरले, तर लिटरला १२ किलोमीटर चालणारी पिकअप एका खेपेला सुमारे २९ लिटर, म्हणजे २,६०० रुपयांहून अधिक डिझेल पिते. त्यात दहा टक्के बचत झाली तर खेपेमागे २६० रुपये वाचतात. महिन्याला वीस खेपा धरल्या तर पाच हजारांवर रक्कम जाते. हप्त्याच्या ओझ्याखाली दबलेल्या मालकाच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळ नाही. या पाच हजारांच्या आशेवरच चिपचा धंदा उभा आहे.

चिप नेमके काय करते?

आजच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात किती डिझेल, केव्हा आणि किती दाबाने फवारायचे हे इंजिनाचा संगणक ठरवतो. 'रिमॅपिंग' म्हणजे या संगणकातील कोष्टके बदलणे. डिझेल थोडे अधिक, टर्बोचा दाब थोडा अधिक, फवाऱ्याची वेळ थोडी आधी. उत्पादकाने इंजिनात सुरक्षिततेसाठी काही मोकळीक ठेवलेली असते. कमी प्रतीचे डिझेल, मे महिन्यातले ऊन, न बदललेले ऑइल, नियमापेक्षा जास्त भार हे सर्व सोसूनही इंजिन लाखो किलोमीटर चालावे, यासाठी ती असते. रिमॅपिंग करणारा ती मोकळीक काढून घेतो. टर्बो डिझेलमध्ये अशाने ओढ खरोखर वाढते आणि चालकाला ती लगेच जाणवते. हा भाग फसवणुकीचा नाही.

'कंपनीच मुद्दाम ताकद कमी ठेवते' हा गॅरेजमधला लोकप्रिय युक्तिवाद मात्र अर्धाच खरा आहे. मारुतीच्या गाड्यांत अनेक वर्षे वापरल्या गेलेल्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिनाचे उदाहरण या संदर्भात हमखास दिले जाते. स्विफ्टमध्ये ते ७५ अश्वशक्ती देई आणि एर्टिगामध्ये ९०. पण त्या पंधरा अश्वशक्तींसाठी कंपनीने केवळ संगणक बदलला नव्हता. टर्बोही वेगळा, बदलत्या भूमितीचा बसवला होता. चिपमध्ये फक्त आकडे बदलतात. टर्बो, क्लच आणि गिअरबॉक्स जुनेच राहतात.

रिमॅपिंगपेक्षा स्वस्त असतो तो तारेला जोडायचा डबा. हा डबा रेलमधील दाबाचा संदेश अडवून संगणकाला प्रत्यक्षापेक्षा कमी दाब दाखवतो. दाब कमी आहे असे समजून संगणक तो वाढवतो आणि जास्त डिझेल फवारले जाते. गंमत अशी, की डॅशबोर्डावरचा अॅव्हरेजचा आकडा हाच संगणक काढतो. त्याच्या हिशेबी डिझेल कमीच गेलेले असते! चिप बसवल्यावर पडद्यावरचे अॅव्हरेज सुधारलेले दिसते आणि पंपावरचे बिल मात्र तसेच राहते, या तक्रारीचे मूळ अनेकदा येथे असते.

इंधन बचतीच्या दाव्यातही एक छोटा सत्यांश आहे. ओढ वाढली की चालकाला वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर गाडी चालवता येते आणि सबुरीने चालवल्यास थोडे डिझेल वाचू शकते. पण ताकद वाढवून घेतलेला चालक ती न वापरता सबुरीने चालवील, ही अपेक्षा मनुष्यस्वभावाला धरून नाही.

घाट चढताना की उतरताना?

ताकदीची मागणी का होते, हेही तपासायला हवे. (गाडीचे नाव पिकअप आणि मालकाची तक्रार पिकअप नसल्याची, असा हा मामला आहे.) महिंद्रच्या १.७ टन भारक्षमतेच्या बोलेरो पिकअपमध्ये सुमारे अडीच लिटरचे, साधारण ७५ अश्वशक्तीचे इंजिन असते. शर्यतीसाठी ते बनवलेले नाही, पण ठरलेला भार ओढण्यास पुरेसे आहे. प्रश्न ठरलेल्या भाराचा आहे. टोमॅटोचा एक क्रेट डब्यासह २२ किलोचा धरला तर १.७ टनात ७७ क्रेट बसतात. कमानीचे पाटे वाढवून, हौद्याला जाळी चढवून १०० क्रेट रचले की ५०० किलो भार अधिक झाला. मग 'गाडी ओढत नाही' ही तक्रार येणारच.

त्यातही नाशिक-मुंबई मार्गाची एक खासियत आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. भाजीपाल्याने भरलेली गाडी कसारा घाट उतरते. चढते ती बहुधा रिकामी किंवा परतीचा हलका माल घेऊन. म्हणजे सर्वाधिक भार असताना कसोटी लागते ती इंजिनाची नव्हे, तर ब्रेकची. चिपने वाढवलेली ताकद या उताराला काहीही कामाची नाही, आणि वाढीव पाट्यांवर लादलेले अतिरिक्त ५०० किलो मात्र तेथे पुरेपूर अंगावर येतात.

याच घाटात डिझेल वाचवण्याचा एक फुकटचा आणि चुकीचा उपाय वर्षानुवर्षे चालत आला आहे. गाडी न्यूट्रल करून सोडून देणे हा तो उपाय. संगणकीकृत डिझेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, की उतारावर फवारा पूर्ण बंद होतो आणि चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी डिझेल जळत राहते. म्हणजे न्यूट्रलने डिझेल जास्त जाते, आणि इंजिनाचा अटकाव गेल्याने ब्रेकही तापतात. जुन्या इंजिनांच्या काळात पडलेली ही सवय नव्या गाड्यांत दुहेरी तोट्याची ठरली आहे.

बीएस-६ नंतर पालटलेले गणित

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानके लागू झाली. डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दहा लाखांत ५० भागांवरून १० भागांवर आले आणि डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी आली. १ एप्रिल २०२३ पासून दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात प्रयोगशाळेबाहेर, प्रत्यक्ष रस्त्यावरच्या उत्सर्जनाचीही अट आली. जुन्या गाड्यांवर हात बसलेल्या मिस्त्र्यांच्या अनेक क्लृप्त्या यामुळे निकामीच नव्हे, तर उलट महाग ठरल्या आहेत.

काजळीची गाळणी भरत आली की संगणक जादा डिझेल वापरून तिचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत नेतो आणि साचलेली काजळी जाळतो. चिपमुळे जादा डिझेल फवारले गेले आणि त्याला पुरेशी हवा मिळाली नाही, की काजळी वाढते. काजळी वाढली की गाळणी लवकर भरते, ती जाळण्याचे प्रसंग वाढतात आणि प्रत्येक प्रसंगाला पुन्हा डिझेल लागते. बीएस-३ गाडीत हा धूर मागच्या गाडीच्या काचेवर जात होता. बीएस-६ गाडीत तो मालकाच्या खिशावर येतो. शहरात थांबत-थांबत माल पोहोचवणाऱ्या गाड्यांची अवस्था आणखी वाईट, कारण गाळणी तापायला लागणारी सलग धाव त्यांना मिळतच नाही.

यावर उपाय म्हणून गाळणी पोकळ करणे, धुराचा काही भाग इंजिनात परत आणणारा ईजीआर झडप पत्रा लावून बंद करणे आणि संगणकातील इशारे पुसून टाकणे हे प्रकार केले जातात. ईजीआर बंद केल्याने इंजिन काजळीने कमी भरते, हे खरे आहे. पण ज्वलनाचे तापमान वाढून नायट्रोजनची ऑक्साइडे कित्येक पटींनी वाढू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश निश्चित कर्करोगकारकांत केला आहे. तो धूर सर्वांत आधी कोणाच्या फुप्फुसात जातो? रात्रभर एकामागोमाग एक उभ्या राहणाऱ्या गाड्यांमधून माल उतरवणाऱ्या माथाडी कामगाराच्या आणि खुद्द चालकाच्या.

कायदा कडक, तपासणी ढिली

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनात परस्पर फेरफार करण्यास मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात स्पष्ट केले, की उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारा बदल वाहनात करता येणार नाही. त्याच वर्षीच्या कायदा दुरुस्तीने नियमबाह्य फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अशी तरतूद आणली. जादा भारासाठी २० हजार रुपये आणि वर प्रत्येक टनाला दोन हजार, असा दंडही याच दुरुस्तीतला.

कागदावर हे जरब बसवणारे आहे. प्रत्यक्षात मात्र पाटा वाढवलेला डोळ्यांना दिसतो, बदललेले कोष्टक दिसत नाही. पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीचा फक्त धूर किती दाट आहे ते मोजले जाते. नायट्रोजन ऑक्साइडांचे मोजमाप तेथे होतच नाही. ईजीआर बंद केलेली गाडी म्हणूनच बिनदिक्कत प्रमाणपत्र मिळवू शकते. ज्या प्रदूषकासाठी यंत्रणा बसवली, तेच न मोजता ती यंत्रणा चालू असल्याचा दाखला दिला जातो. यात मालकापेक्षा व्यवस्थेचा दोष मोठा आहे.

ही ढिलाई पुढे कोठवर जाते, याचे उदाहरण पिकअपचे माहेरघर असलेल्या अमेरिकेने दाखवले आहे. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये काढलेल्या अंदाजानुसार आधीच्या दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमधील प्रदूषण नियंत्रण यंत्रणा काढून टाकण्यात आली होती. त्यातून होणारे जादा प्रदूषण सुमारे ९० लाख नियमबद्ध पिकअप रस्त्यावर आणण्याइतके होते. त्याच देशाचा दुसरा अनुभवही ध्यानात घेण्यासारखा आहे. इंधनाच्या नळीला लावायची चुंबके, हवेत भोवरे निर्माण करणारी चक्रे, डिझेलमध्ये मिसळायच्या गोळ्या अशा शंभराहून अधिक 'बचत' साधनांची या संस्थेने तपासणी केली. लक्षणीय बचत करणारे एकही साधन तिला आढळले नाही. यातील बरीच साधने भारतात आजही नव्या वेष्टनात विकली जातात. पाण्यापासून हायड्रोजन करून तो इंजिनाला देणारे किट हे त्यांचेच भावंड. त्याला लागणारी वीज गाडीच्याच अल्टरनेटरमधून, म्हणजे शेवटी डिझेलमधूनच येते.

हरवलेली ताकद

मग स्वस्तात काही करता येतच नाही काय? येते, पण ते चिपइतके आकर्षक दिसत नाही. गॅरेजमध्ये 'ताकद वाढवायला' येणाऱ्या जुन्या गाडीची बहुधा मूळचीच ताकद हरवलेली असते. टर्बो आणि इंटरकूलर यांना जोडणाऱ्या रबरी पाइपला बारीक चीर, तुंबलेले डिझेल फिल्टर, घसरणारा क्लच, काजळीने अडकलेला ईजीआर, चाकाला सतत घासणारे ब्रेक लायनर यांपैकी एक जरी दोष असला तरी गाडी मंदावते आणि डिझेल जास्त खाते. असा दोष काढला की ताकद आणि अॅव्हरेज दोन्ही एकदम परततात. दोन्ही एकदम मिळण्याचा हा जवळपास एकमेव कायदेशीर प्रसंग आहे. हाच दोष तसाच ठेवून वर चिप बसवली, तर रोग झाकला जातो आणि इंजिन बसते.

हवेच्या फिल्टरबाबत एक गैरसमज येथे दूर करायला हवा. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये दाखवून दिले, की आधुनिक पेट्रोल मोटारीत तुंबलेल्या हवेच्या फिल्टरने अॅव्हरेज फारसे बिघडत नाही. वेग घेण्याची क्षमता कमी होते. डिझेलमध्ये हवा कमी पडली की धूर आणि मरगळ वाढते, म्हणून फिल्टर वेळेवर बदलावाच. मात्र जास्त हवा सोडणाऱ्या महागड्या फिल्टरने काही साधत नाही. उन्हाळ्यात बांधावरून माल उचलणाऱ्या गाडीत तो हवेबरोबर बारीक धूळही सोडण्याची भीती असते.

टायरमधील हवा हा विषय इतका जुना आहे, की तो कोणी गंभीरपणे घेत नाही. अमेरिकी सरकारच्या सूत्रानुसार चाकांतील हवा सरासरी १ पीएसआयने कमी झाली की इंधन ०.२ टक्का अधिक लागते. दहा पीएसआय कमी म्हणजे दोन टक्के. वरच्या हिशेबात खेपेमागे पन्नास रुपये झाले, आणि भारामुळे तापणाऱ्या टायरचे आयुष्य कमी होते ते वेगळेच. नायलॉनऐवजी रेडियल टायर घेतले तर घर्षण कमी होते. टायर बदलण्याची वेळ आलीच असेल तर हा खर्च वसूल होणारा आहे. अकारण मोठ्या मापाचे टायर मात्र घेऊ नयेत. त्यांनी ओढ कमी होते आणि किलोमीटरचे मीटरही चुकते, त्यामुळे आधी-नंतरची तुलनाच करता येत नाही.

सर्वांत मोठी बचत वेगात आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटरने गेल्यास तो सुमारे पावणेदोन पट होतो. केबिनच्या वर उंच रचलेले क्रेट आणि फडफडणारी ताडपत्री यांनी त्यात भर पडते. ताडपत्री घट्ट आवळणे, माल शक्यतो केबिनच्या उंचीत बसवणे, परतीला रिकामी जाळी उतरवून ठेवणे यांना खर्च शून्य आहे. १०० किलोमीटरच्या मोकळ्या रस्त्यावर ८० ऐवजी ६० ठेवल्याने २५ मिनिटे जास्त लागतात, हेही तितकेच खरे. बाजार गाठायच्या घाईत ही २५ मिनिटे महाग वाटतात. पण गाडी भरायला शेतावरच तासभर उशीर झालेला असतो आणि तो भरून काढण्याचे काम चालकाच्या पायावर सोपवले जाते.

मोठा बदल करायचाच असेल तर त्यालाही अधिकृत वाट आहे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये साडेतीन टनांपर्यंतच्या बीएस-६ वाहनांत डिझेल इंजिनाऐवजी मान्यताप्राप्त सीएनजी किंवा एलपीजी इंजिन बसवण्यास परवानगी दिली. अर्थात हा स्वस्त बदल नव्हे आणि ग्रामीण भागात सीएनजी पंपांच्या रांगा हा वेगळा विषय आहे. नाशिकच्या गाड्यांना जून २०२५ पासून आणखी एक मार्ग मिळाला आहे. इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा खुला झाला आणि सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्याने कसारा घाट टाळता येऊ लागला. चढ सौम्य झाल्याने वाचणारे डिझेल आणि द्यावा लागणारा टोल यांचा मेळ ज्याने-त्याने आपल्या खेपेवर घालून पाहावा.

तो मेळ घालण्याची रीत मात्र जुनीच चांगली. टाकी पूर्ण भरायची, मीटरचा आकडा टिपायचा, त्याच पंपावर पुन्हा पूर्ण भरायची आणि असे निदान पाच-सहा खेपा करायचे. बदल करण्याआधीही आणि नंतरही. भाजीच्या हंगामातली भरलेली खेप आणि पावसाळ्यातली अर्धी खेप यांची तुलना करून काढलेले अॅव्हरेज निरर्थक असते, आणि चिपवाल्याच्या जाहिरातीतील आकडे बहुतेक वेळा असेच असतात.

यात मालक आणि चालक एकच असेल तर गोष्ट सोपी असते. दोघे वेगळे असतील तर अडचण निराळी येते. चालकाला पगार खेपेवर मिळतो आणि डिझेलचे पैसे मालक भरतो. जितक्या लवकर खेप संपेल तितकी त्याची दुसरी खेप लवकर सुरू होते, म्हणजे हळू चालवण्यात तोटा त्याचा आणि फायदा मालकाचा. वाचलेल्या डिझेलमधला वाटा चालकाला देण्याची पद्धत काही मालकांनी ठेवली आहे. वीस खेपांत वाचणाऱ्या पाच हजारांतले हजार-दीड हजार चालकाच्या हाती गेले, तरी मालकाकडे उरणारी रक्कम दरमहा येत राहते, आणि गाडीची वॉरंटी, विमा व फिटनेस या तिन्हींना धक्का लागत नाही.